सुखाची धास्ती

लेकीची चांगली बातमी आली की आई देवापुढं साखर ठेवते. दीपमालानं आधी खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढून पदराला बांधली. फोनवर साताऱ्याहून साक्षी रडत-हसत सांगत होती, पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं.

"आण्णांस्नी सांगू नगंस एवढ्यात."

"आई, त्यास्नीच पयला फोन केला मी."

दीपमालानं पदराची गाठ आणखी आवळली.

तिचा नवरा इंद्रजित दुःखाचा दारुडा नव्हताच. फौजेतली सतरा वर्षं, बापाचं मरण, सगळं त्यानं कोरड्या घशानं सोसलं होतं. पण हरखला किंवा भडकला, की गड्याला घटकाभर दम निघत नसे. शर्यतीत बैल पहिला आला, त्या दिवशी तो प्यायला, बायकोला मोटरसायकलवर घेतलं आणि गाडी उसाच्या ट्रॉलीवर नेऊन घातली. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी पुढं बजावलं, लिव्हर आता दारू सोसणार नाही, परत घेतली तर माणूस जाईल. उबळ पंधरा-वीस मिनिटांची असते, तेवढी टाळा. सांगायला काय जातंय त्यांचं.

आठ महिने टळली होती.

इंद्रजित शिवारातून पळतच आला. पायाला चिखल, डोळे भरलेले. तो थेट माजघरात शिरला.

"दीपे, भायेरनं कडी घाल. लय आनंद झालाय मला. भ्या वाटतंय."

एवढा फौजी माणूस, पण त्याचा आवाज कापत होता. तिनं कडी घातली. तोवर गल्लीत हलगी कडाडली. भरती झालेल्याच्या बापाला गुलाल लावून मिरवायचं ही गावाची रीत, आणि त्याच्या हातात कॅन्टीनची बाटली द्यायची ही माजी सैनिकांची. पुढं नाथाजी होता, इंद्रजितच्याच पलटणीतला. त्याच्या पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

"दीपे, उघड," आतून लाडीगोडी सुरू झाली. "नुसता गुलाल लावून घितो."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"उघड म्हनतो न्हवं?" दारावर लाथ बसली. हलगीच्या दणक्यात ती बाहेर कुणाला ऐकू गेली नाही.

नाथाजी सोप्यात आला. "वैनी, कुठाय आमचा फौजी?"

आतून त्यानं नुसती ओ दिली असती तरी कारभार आटोपला असता. दीपमाला आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "सातारला गेल्यात. लेकीला आणाय."

नाथाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिला. आणि मग तिच्या पाठीमागं, दाराच्या आतल्या अंगानंही हळूच कडी लागली.