मारथाबाईचं शेवटचं प्रकरण

उन्हाळ्यात धुळ्यातल्या देवपूरच्या बायका एकमेकींकडे पापड लाटायला जातात, त्यात विशेष काही नाही. लताबाईंच्या गच्चीवर मात्र पापडांबरोबर कादंबरी असायची. बाकीच्या लाटायच्या, एक जण वाचायची, आणि वाचणारीच्या वाटचे पापड सगळ्यांनी मिळून लाटून द्यायचे.

ही रीत त्यांना एका इंग्रज बाईनं लावली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कादंबरीकार. तिच्या कादंबरीचा मराठी अनुवाद लताबाईंच्या जुन्या मैत्रिणीनं, दिपमालानं, वाचनालयातून आणला, आणि आधी प्रस्तावनाच वाचून दाखवली. त्या बाईच्या घरी म्हणे संध्याकाळी बहिणी-मैत्रिणी शिवण घेऊन बसत. एक जण मोठ्यानं वाची. पुस्तक वाचणारीकडेच राही, आणि पुढचं पान चोरून बघणं म्हणजे चहात मीठ घालण्याइतकं वाईट. बाई स्वतः लिहिलेलंही तिथेच वाचून बघायची. कुणाची सुई मध्येच थांबली की समजायचं, मजकूर जमला.

"आपलंच शे हे," भिकुबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. त्या मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या. "फक्त त्यास्ना घर पापड नही."

तेव्हापासून नियम ठरला. वाचणार दिपमाला, पुस्तकही तिच्याकडेच. घरी नेऊन कुणी वाचायचं नाही, पुढे कुणी डोकवायचं नाही. हात तेलाचे असायचे, त्यामुळे नियम पाळणंही सोपं होतं.

कादंबरीतली मार्था गच्चीवर आल्या आल्या मारथाबाई झाली. तिचा नवरा मारझोड करणारा नव्हता. तो बोलायचाच नाही. महिनामहिना बोलायचा नाही, आणि बाहेर जाताना दाराला कुलूप लावून जायचा.

"तिना नवराले चुल्हामा घाला आधी," भिकुबाई म्हणायच्या. सगळ्या हसायच्या. लताबाई हसायच्या नाहीत.

कारण खालच्या खोलीत त्यांची मुलगी पुनम येऊन राहिली होती. जळगावला मेहरूणमध्ये दिली होती तिला. जावई हितेंद्र म्हणजे दिपमालाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, स्थळ दिपमालानंच आणलेलं. पुनमनं पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं, "तो बोलत नाही. दुकानावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. मला परत जायचं नाही."

लताबाईंना काही सुचेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात विचारायला कुणी नाही. ठेवून घ्यावं तर पोरीच्या आयुष्याचं काय, पाठवावं तर जीव होत नाही. मग हळूहळू त्यांची नजर मारथाबाईकडे लागली. एवढी शहाणी बाई, एवढी पुस्तकं वाचलेली. ती काहीतरी विचार करूनच लिहिणार. मारथाबाईचं जे होईल त्यावरून बघू, असं त्यांनी मनाशी धरलं. हे त्यांनी फक्त दिपमालाला सांगितलं. सांगायचं ते तिलाच सांगायची त्यांची सवय होती. नवरा दवाखान्यात होता तेव्हा रात्रंदिवस हीच दिपमाला उशाशी बसली होती.

मग शेवटचं प्रकरण आलं. मारथाबाई खिडकीशी वाट बघत राहते. नवरा भिजत परत येतो, कुलूप काढतो, ते नदीत फेकून देतो. तिचा हात धरतो आणि म्हणतो, मी आंधळा होतो. दिपमालाचा आवाज भरून आला होता. भिकुबाईंनी कोपरानं डोळे पुसले.

लताबाई खाली आल्या. जिन्याखालीच पुनमची खोली, तिला वरचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "थोडा धीर धर, बेटा. माणसं बदलतात."

पुनमनं आईकडे एकदा बघितलं. मग उठली आणि बॅग भरायला लागली.

पापड डब्यांत गेले, पुस्तक वाचनालयात परत गेलं. पुनम जळगावला परत गेली ती फोन उचलेनाशी झाली. संसारात रमली असेल, अशी लताबाईंनी समजूत घातली स्वतःची. तरी मनात आलं, ते पुस्तक तिला नेऊन द्यावं. वाचेल, आधार वाटेल. वाचनालयात जाऊन त्यांनी ते मागून घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून शेवटचं प्रकरण उघडलं.

खिडकी नव्हती. पाऊस नव्हता. मारथाबाई मोलकरणीकडून चावी मिळवते, घोडागाडीत बसते, दुसऱ्या गावात पाववाल्याच्या माडीवर खोली घेते आणि पोरांना शिकवायला लागते. नवऱ्याचं पत्र येतं ते न फोडता शेगडीत घालते. संपलं.

लताबाईंनी पान उलटून बघितलं. पुढे नुसता पुठ्ठा.

त्या तडक दिपमालाच्या घरी गेल्या. ती लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. लताबाईंच्या हातातलं पुस्तक तिनं पाहिलं आणि विळीवरून नजर उचलली नाही.

"ते नदीत कुलूप फेकणं तू कुठून वाचलंस, दिपा?"

"मनानं."

"का?"

"स्थळ मी आणलेलं. पोरगी परत आली असती तर बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?"

"मग मला तसं म्हणायचंस. भांडलो असतो आपण."

"म्हणून तर नाही म्हटलं. माझं तू ऐकलं नसतंस. पुस्तकाचं ऐकलंस." दिपमालानं फोडी पातेल्यात लोटल्या. "आणि खरं सांगू, लते? तो हात धरतो ना, तिथे तुझं लाटणं थांबलं होतं. मी बघत होते. तुलाही तेच पाहिजे होतं."

ते खरं होतं, आणि लताबाईंना तेच जास्त झोंबलं. परकीनं फसवलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्या तशाच उठल्या, स्टँडवर आल्या आणि जळगावच्या बसमध्ये बसल्या.

मेहरूणच्या घराला बाहेरून कुलूप होतं. त्यांनी खिडकीच्या गजांशी जाऊन हाक मारली. पुनम आली. वाळली होती. फोन नवऱ्यानं कपाटात कुलूप लावून ठेवलाय, म्हणाली.

लताबाईंनी गजांतून पुस्तक आत दिलं. "पुनम, शेवट असा नाहीये गं. दिपानं बदलून वाचला. मारथाबाई निघून जाते. मला आज कळलं."

"मला माहीत आहे," पुनम म्हणाली. "ही जुनी इंग्रजी पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. तुमचं अर्धं वाचून व्हायच्या आत मी कादंबरी संपवली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वर दिपामावशी खोटं वाचतेय आणि खाली येऊन तू तेच सांगतेयस. मला वाटलं, तुम्ही दोघींनी ठरवलंय. आईला मी घरात नको आहे, पण तोंडानं म्हणवत नाही. म्हणून एवढी कादंबरी बदलली."

"माझी शपथ बेटा, मला माहीत नव्हतं."

"असेल." पुनमनं पुस्तक खिडकीत ठेवलं. "पण आई, मी तर खरंच बोलत होते ना? मला विचारायचं सोडून तू त्या मारथाबाईची वाट बघत बसलीस."

शेजारची बाई ओट्यावर येऊन उभी होती. लताबाईंनी तिच्याकडे हातोडी मागितली. तिनं का म्हणून विचारलं नाही, आतून आणून दिली. "मी रोज बघते हो," एवढंच म्हणाली. कुलूप हलकं होतं. कडीचा कोयंडाच आधी निघाला.

पुनम बाहेर आली ती बॅग घेऊनच. बहुतेक भरलेलीच असावी.

"चल, धुळ्याची बस मिळेल अजून," लताबाई म्हणाल्या.

"मी डिंपलकडे जाते. कॉलेजची मैत्रीण. इथेच राहते, स्टेशनजवळ. ती म्हणाली होती, केव्हाही ये."

"मग मीही येते पोचवायला."

"तू नको." आवाज चढलेला नव्हता. कामवालीला उद्या येऊ नको सांगावं तसं ती म्हणाली. "पोचले की डिंपलच्या फोनवरून सांगेन."

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. पुनम बसली, बॅग मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला स्टेशन म्हणाली. रिक्षा मेहरूणच्या तलावाच्या बाजूला वळली. लताबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या, एखादं वाक्य बोलायचं राहून गेल्यासारख्या.

"मावशी," शेजारीण मागून म्हणाली, "ती हातोडी."