एका ढिगाचा तांदूळ

मुखरू तलावाच्या पाळीवर बसला की अर्धा जागा असे, आणि उरलेला अर्धा कुठे असे ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मच्छीमार सोसायटीनं त्याला राखणीला ठेवलं होतं. मासोळीवर टपलेल्या बगळ्यांना हुसकायचं आणि बगळ्यांहून लबाड माणसांवर नजर ठेवायची, एवढंच काम. दुपारी पाणी चकाकायला लागलं की तो मोहाच्या सावलीत बैठक मारायचा, खिशातून मोबाइल काढायचा आणि तांदूळ पाडायला लागायचा.

तांदूळ पाडणं हा त्याचा शब्द. खेळ तसा साधा होता. पडद्यावर एक इंग्रजी शब्द यायचा, खाली चार अर्थ. बरोबर अर्थावर बोट टेकवलं की दहा दाणे पडायचे, आणि तेवढे दाणे म्हणे जाहिरातवाल्यांच्या खर्चानं कुठल्यातरी उपाशी मुलखात खरेच्या खरे पोचायचे. हा खेळ त्याच्या मोबाइलात घातला तो मुलीनं, दीपालीनं, तिच्या लग्नाआधी. ती भरतीच्या परीक्षेसाठी शब्द पाठ करायची. "बाबा, बसल्या बसल्या पुन्य लागते," ती म्हणाली होती. बापलेकीचा मिळून तिनं एक गट केला, आणि गटाचा एकच ढीग.

मुखरू दहावी नापास. सुरुवातीला त्यानं आंधळ्यानं दगड भिरकावावेत तसे अर्थ भिरकावले. पण चुकलेला शब्द हा खेळ सोडत नाही, फिरून फिरून समोर आणून उभा करतो. हळूहळू शब्द त्याला चेहऱ्यानं ओळखू यायला लागले. बाजारात रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव ठाऊक नसलं तरी आपण त्याला रामराम घालतोच की! डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, झोपा काढणाऱ्या लटारू मच्छीमाराला तो 'लेथार्जिक', म्हणजे सुस्त, म्हणायचा, आणि लटारू त्याला नवी शिवी समजून जुनी शिवी परत करायचा.

दाणे पडायला लागले की मुखरूला पडदा दिसेनासा व्हायचा. ते दाणे त्याला पाण्यावर पडताना दिसत. शिंगाड्याच्या वेलांवरून ते पलीकडे वाहत जायचे, साऱ्या तलावांच्या पलीकडे, आणि तिथं एक बाई चूल पेटवून बसलेली असायची. तिचा चेहरा कधी दिसला नाही. चुलीवरच्या हंडीतली वाफ मात्र दिसायची, आणि हंडीकडे टक लावून बसलेलं एक लेकरू. लेकरानं पहिला घास घेतला की मुखरूच्या पोटात गरम वाटायचं. कोणी कितीही हसो, ते गरम वाटणं खरं होतं.

स्वतःच्या घरी मात्र भाताशी त्याचं भांडण होतं. दोन वर्षांपूर्वी दीपालीनं गडचिरोलीला जाऊन कोर्टात लग्न लावलं. नवरा अंकुश, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा, गोंडाच्या घरचा. पोरगा गुणाचा होता, हे मुखरूलाही ठाऊक होतं. पोरीनं आपल्याला विचारलं नाही, हे त्याला लागलं. मग काय, राग डोक्यात आणि अक्कल पायात. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि सगळ्या मोहल्ल्यादेखत बोलून गेला, "आजपासून माहा दाना अन् तिचा दाना एका हंडीत शिजनार नाई. शिजला तं या तलावाची मासोळी मरो!"

राग आठवड्याभरात उतरला. आण कशी उतरवायची? तलावावर अख्खा मोहल्ला जगत होता. आपल्या जिभेपायी लोकांच्या ताटातली मासोळी मेली तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून तो लेकीच्या घरी गेला नाही. गेलं की जेवावं लागतं, आणि लेकीच्या दारातून न जेवता उठणं म्हणजे तिच्या तोंडात मारणं.

आणि आता रुखमानं, त्याच्या बायकोनं, नवीनच सांगावा आणला.

"अवो, दिपूचा फोन आल्ता. रविवारी तिच्या गावी पंडुम हाये, नव्या धानाचा सन. सारं गाव मिळून देवाले नवं दाखवते, मंगच घास घेते."

"मंग खाऊ दे ना."

"मागल्या साली तिनं नवं तोंडात घातलं नाई. औंदा बी नाई म्हनते. बाबा माह्या घरी जेवतीन तवाच खाईन म्हनते. सारं गाव नवं खाते अन् हे एकटी जुन्या तांदराचा भात घेऊन बसते."

"मी कसा येऊ? तुले मालूम हाये ना."

"मी तं जातेच," रुखमा म्हणाली. "मी काई पान्यात उतरली नोती."

मुखरू उठला आणि पाळीवर येऊन बसला.

आता त्या ढिगाची एक गंमत सांगायला हवी. रात्री सोडलेला ढीग सकाळी थोडा वाढलेला असायचा. मुखरूनं त्याचा अर्थ स्वतःच लावला होता. तांदूळ रात्रभर भिजला की फुगतो, तसा हाही फुगत असेल! लटारूचं म्हणणं, ते ब्याज असते. दोघांचंही समाधान झालं होतं.

शनिवारी दुपारी बगळा हुसकून मुखरू सावलीत परत आला. मोबाइल गवतावर उघडाच पडला होता. त्यानं वाकून पाहिलं, तर ढिगाचा आकडा हलला. दहा दाणे वाढले. त्यानं बोट लावलं नव्हतं. पुन्हा दहा. तो खालीच बसला. पुन्हा दहा.

भिजून नाही, ब्याजानंही नाही. कोणीतरी या घटकेला कुठेतरी बसून शब्द लावत होतं. आणि गटात माणसं होती दोनच. लग्नानंतर पोरीनं खेळ सोडला असेल, असंच तो धरून चालला होता.

मुखरूनं एक शब्द लावला. बरोबर आला. दहा दाणे पडले, आणि तिकडचे दाणे थांबले. तिलाही दिसलं असणार. वारा पडला होता, पाणी हलत नव्हतं. मग तिकडून दहा आले. मुखरूनं दहा पाडले. तिकडून दहा. मध्ये सगळं जंगल होतं, नद्या होत्या, सूरजागडच्या खाणीचं लोखंड घेऊन धावणारे ट्रक होते, आणि त्या सगळ्याच्या वरून बापलेकीचे दाणे आळीपाळीनं एका ठिकाणी पडत होते. ती पायरीवर बसली असेल. वेणी पुढे घेऊन चावत असेल, लहानपणापासूनची खोडच तिची. एक अवघड शब्द आला आणि मुखरू अडला, तर तीही थांबली. त्याच्यासाठी थांबली. त्याचे डोळे भरून आले, आणि चारही अर्थ एकमेकांत मिसळून गेले.

तेवढ्यात त्याचं बोट पडद्यावरच अडलं.

एकाच ढिगात! ढिगातून एकाच पोत्यात, पोत्यातून एकाच हंडीत. ती तोंड न दिसणारी बाई माझा दाणा अन् तिचा दाणा वेगळे थोडीच शिजवते? म्हणजे आण मोडली होती. आज नव्हे, गेली दोन वर्षं, रोज.

मुखरू धावतच पाण्याकाठी गेला. पांढरी पोटं वर करून तरंगणारी मासोळी त्याला डोळ्यांपुढे दिसतच होती. पाणी स्वच्छ होतं. त्यावर त्याचा विश्वास बसेना.

"लटारू! उठ, जाळं टाक!"

"काऊन? आज कोठी हाये बाजार?"

"टाक म्हनतो ना!"

लटारूनं कुरकुरत डोंगा लोटला, जाळं फेकलं आणि ओढायला लागला, तर ते दोघांना आवरेना. कटला आणि रोहूची मासोळी, ओली, जड, तडफडणारी, अंगावर उड्या मारत होती.

"मुखरूभाऊ, दोन सालापासून आपला तलाव भलताच खुशीत हाये," लटारू म्हणाला. "काय झालं? रडून काऊन राह्यले?"

मुखरू रडत होता आणि हसतही होता. दोन वर्षं त्यानं जी भीती बाळगली ती फुकाची होती. पोरीच्या दारापासून त्याला तलावानं अडवलं नव्हतं. त्याचं त्यानंच अडवून घेतलं होतं. लाज वाटली, आणि लाजेहून मोठा आनंद झाला. जाळ्यातली मासोळी त्यानं परत पाण्यात सोडून दिली, तेव्हा लटारूला वाटलं, ऊन लागलं याला.

रविवारी रुखमाच्या मागोमाग मुखरू एसटीतून उतरला. अंकुशनं पाय धुवायला पाणी आणलं. देवाला नवं दाखवून झालं होतं, आणि पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. मुखरू जाऊन एका पत्रावळीपुढे बसला. दीपाली भाताची हंडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर नुसतीच उभी राहिली.

"बाबा, आन?"

"मोडली."

"कवा?"

"दोन वर्सं झाले. आपन दोघांनी मिळूनच मोडली, पोरी. तो ढीग..."

"मले मालूम हाये."

मुखरूनं मान वर केली. दीपाली वाकून वाढायला लागली होती, नव्या तांदळाचा मऊ, वाफाळता भात.

"तुमी आन घेतली, त्याच दिवशी सांजच्याले मी पुन्ना आपल्या ढिगात शब्द लावाले बसली. मंग एक बी दिवस सोडला नाई. म्हटलं, इथी एका हंडीत नाई तं नाई, तिथी तं शिजू दे."

"अन् मासोळी मेली असती तं?"

"तलाव का तुमच्यावानी रागीट हाये?"

पंगतीत कोणीतरी हसलं. मुखरूला हसता येईना. त्यानं पत्रावळीतला पहिला घास उचलला आणि आपल्या तोंडाकडे न नेता तिच्या तोंडाशी धरला. दीपालीनं हंडी खाली ठेवली आणि तोंड उघडलं.