ब्रेक सोडा

नागसेनला सायकलची हौस होती, आणि सायकलीपेक्षा जास्त हौस रूट शोधण्याची. त्याची सायकल ग्रॅव्हल. म्हणजे धड डांबरी रस्त्याची नाही आणि धड डोंगरातल्या उड्यांचीही नाही. खडी, मुरूम, जंगलखात्याच्या कच्च्या वाटा तुडवणारी. चाकण-तळवड्याच्या शेडांमागे अजून टेकड्या शिल्लक आहेत, त्यांच्या अंगावर साग आणि गिरीपुष्पाची दाट झाडी आहे, हे निम्म्या पिंपरी-चिंचवडला ठाऊक नाही. नागसेनला मात्र तिथली एकेक पायवाट तोंडपाठ. निदान त्याच्या सायकल ग्रुपमध्ये सगळे तसं समजत, आणि तोही त्यांना तसं समजू देई.

ग्रुपचा एक नियम होता, तोही नागसेननंच आणलेला. चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो क्वालिटीला होता. तिथं मशिनला नवं सेटिंग लागलं की पहिला नग आधी गेजवर तपासायचा, मापात बसला तर त्याला हिरवा स्टिकर लावायचा, मगच लॉट सोडायचा. याला म्हणायचं फर्स्ट पीस ओके. सायकलींनाही त्यानं तोच कायदा लावला. ज्यानं रूट आखला त्यानं आधी स्वतः चालवून बघायचा, मग ग्रुपवर 'फर्स्ट पीस ओके' लिहायचं, मगच बाकीच्यांनी चाकं घालायची. कायदा करणाऱ्यालाच तो पाळायचा कंटाळा येतो, हे काही आपण पहिल्यांदा बघत नाही.

तांबड्या टेकडीच्या रूटचं तेच झालं. गेल्या रविवारी तो तिकडे गेला खरा, पण पायथ्यापर्यंत पोचता पोचता ऊन चढलं, वाटेतल्या हॉटेलातून मिसळीचा वास आला, आणि स्वारी तिथूनच माघारी फिरली. घरी बायकोला, स्वरूपाला, मात्र तोंड भरून सांगितलं, "काय उतार आहे म्हणून सांगू!" मग शनिवारच्या रात्रपाळीत मोबाइलवरच्या सॅटेलाइट फोटोत बोट फिरवून त्यानं न बघितलेली वाट जोडून टाकली. फोटोत झाडीतून वर आणि माथ्यावरून खाली गेलेली तांबडी रेघ छान दिसत होती. मधेच ऑपरेटर पहिला नग घेऊन आला, तेवढं उरकलं, आणि साहेब पुन्हा मोबाइलमध्ये. पहाटे रूट ग्रुपवर पडला. खाली मजकूर: 'झाडी संपली की माथा. माथ्यापलीकडे मऊ मातीचा सरळ उतार. ब्रेक सोडा. फर्स्ट पीस ओके.' सगळ्यांची राईड पुढच्या रविवारी ठरली होती.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी ज्योतीराम बसला. फोर्कलिफ्ट चालवणारा, त्याच टेकडीच्या पायथ्याच्या गावचा. नागसेननं त्याला कौतुकानं रेघ दाखवली.

"ह्यो रस्ता व्हय?" ज्योतीरामनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "ह्यो आता न्हाई राव."

"नाही कसा? फोटोत दिसतोय की."

"फोटू जुना आसंल. पल्याडच्या अंगाला दगडखाण हाय, तिनं निम्मी टेकडी खाल्ली. माथ्यावरनं जरा खाली उतरलं की कडाच. कुंपण न्हाई, पाटी न्हाई. आमी शेरडं बी सोडत न्हाई तिकडं."

नागसेननं मोबाइल परत घेतला. राईडला आठवडा होता. रूट लगेच उडवावा असं मनात आलं. पण का उडवला म्हणून विचारलं तर काय सांगायचं? काहीतरी कारण शोधू, मग उडवू, असं म्हणत त्यानं डोळे मिटले.

रहाटणीला घरी पोचला तर गॅलरीतला स्वरूपाच्या सायकलचा हूक रिकामा होता.

त्याची आई, विमलबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. "उजाडायच्या आधीच गेली ती," त्या म्हणाल्या. "तूच टाकलेली नवी वाट म्हणे. एकटी कशाला जातेस म्हटलं, तर म्हणाली, आई, नागसेन स्वतः हिंडून आलाय, मला कसली भीती?"

नागसेननं तिथंच खिशातून मोबाइल काढला. फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आईनं काय झालं विचारलं, तोवर तो मोटारसायकलची किल्ली घेऊन जिना उतरला होता.

ग्रुपमध्ये उतारावर स्वरूपाचा हात धरणारं कुणी नव्हतं. चढाला ती कुरकुरायची, पण उतार लागला की तिला पंख फुटायचे. लोक ब्रेकवर बोटं आवळून उतरत आणि ही खाली पोचून पाणी पीत बसलेली असायची. इतरांना भीती वाटली तर ती हसायची. आणि तिला त्यानंच लिहून दिलं होतं, ब्रेक सोडा.

काळेवाडी, चिंचवड, तळवडे. प्रत्येक सिग्नलला पुढं कंटेनर आणि प्रत्येक सिग्नलला तोच फोन, तोच बाईचा निर्विकार आवाज. तो मनाला सांगत होता की सायकल पंक्चर झाली असेल, ती चहाला थांबली असेल, कंटाळून परत फिरली असेल. मनाला काही पटत नव्हतं. स्वरूपा अर्ध्यातून परत फिरणाऱ्यातली नव्हतीच, तो होता.

टेकडीवर धुकं उतरलेलं होतं. पायथ्याच्या भुसभुशीत मातीत तिच्या टायरची खरबरीत नक्षी उमटलेली होती, आत जाणारी. बाहेर येणारी कुठंच नव्हती. झाडीत थोडं आत गेल्यावर जंगलखात्यानं पाणी अडवायला खणलेला चर आडवा आला. तिनं सायकल उचलून पलीकडे नेली होती, मोटारसायकल काही जाईना. त्यानं ती तिथंच आडवी टाकली आणि पळत सुटला.

"स्वरूपा!"

सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी कडकडत होती की तिनं ओ दिली असती तरी ऐकू आली नसती. म्हणून तो मधेच थांबायचा, श्वास रोखून ऐकायचा. पलीकडून फक्त खडी फोडणाऱ्या क्रशरची घरघर यायची. तेवढ्या वेळात आपण पळायला हवं होतं, असं वाटून तो पुन्हा धावायचा. छातीत कळ येत होती. एवढा घाबरलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

झाडी संपली. माथा आला. माथ्यापलीकडे मऊ मातीचा सरळ उतार होता, त्यानं घरबसल्या लिहिला होता अगदी तसा. टायरची रेघ त्या उतारावरून सरळ खाली गेली होती. ब्रेक दाबला की मागचं चाक माती खरवडतं. इथं एकही ओरखडा नव्हता.

तो खाली बसला आणि बसल्या बसल्याच, हातांनी माती धरत, खाली सरकू लागला. पुढं गवताचा पट्टा आला, त्यात रेघ दिसेनाशी झाली. गवतानंतर जमीन संपली होती. पालथं पडून त्यानं कडेवरून डोकं बाहेर काढलं. खाली धुकं, धुक्याखाली हिरवं साचलेलं पाणी, आणि पाण्याच्या कडेला दगडांत काहीतरी पांढरं.

स्वरूपाचं हेल्मेट पांढरं होतं.

तो बघत राहिला. वारा आला, तसं ते पांढरं फुगलं, उलटलं आणि घसरत पाण्यात गेलं. सिमेंटची रिकामी गोणी होती.

"आणखी पुढं सरकू नकोस," मागून कुणीतरी म्हणालं.

मागं डाव्या हाताला, गवतापलीकडे हिवराचं झाड होतं. त्याला सायकल टेकवलेली होती आणि बुंध्याशी गुडघे पोटाशी घेऊन स्वरूपा बसली होती. नागसेन रांगत तिच्यापर्यंत गेला आणि तिचे पाय धरून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. तिचे हात मातीनं माखले होते, खरचटले होते.

"उताराला लागलेच होते," ती म्हणाली. तिची नजर खाणीकडेच होती. "तेवढ्यात धुक्यातून सूर्य वर आला. तुला फोटो पाठवावा म्हणून गवतात वळले, सायकल टेकवली. इथं रेंज नव्हती. मोबाइल वर धरून बघत बघत पुढं गेले. त्या टोकाला रेंज आली आणि पायाखालचा दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला, नागसेन. माझे पाय हलेनात. मग रांगत मागं आले. ग्रुपमधलं आणखी कुणी आलं तर म्हणून वाटेवर दगड रचत होते, पण आता दगड उचलवत नाहीत."

तिच्यापुढं दगडांची अर्धवट रांग होती. घाबरलेल्या नागसेनला ती दिसलीसुद्धा नव्हती.

"तू हा उतार उतरला होतास ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"माथ्यापर्यंत तरी?"

"पायथ्यावरून परत गेलो. मिसळ खाल्ली."

ती ओरडली असती, एक ठेवून दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हातांची माती गवताला पुसली. मग त्याच्याकडे पाहिलं. खाणीकडे बघताना होती तीच भीती आता तिच्या डोळ्यांत त्याच्याकडे बघताना होती.

"कंपनीत तरी बघून स्टिकर लावतोस ना रे?"

म्हणजे काय, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. इतकी वर्षं त्यानं नग बघितल्याशिवाय सोडला नव्हता, हे खरं होतं. पण काल रात्री? बोटाखालची तांबडी रेघ त्याला आठवली. ऑपरेटरचा पुढं आलेला हात आठवला. अंगठ्याला चिकटलेला हिरवा स्टिकर आठवला. नग गेजवर लावल्याचं काही केल्या आठवेना. रात्रभरात तयार झालेला लॉट सकाळच्या गाडीनं जाणार होता. कुठल्या गाडीला लागणार, कुणाची बायको, कुणाची पोरं त्या गाडीत बसणार, आणि कुठल्या उतारावर कुणाचा पाय त्या ब्रेकवर पडणार.

"रेंज कुठं येते म्हणालीस?"

तिनं काठाकडे बोट दाखवलं. तो गुडघ्यांवर निघाला, तशी तीही उठली. मागं बसून तिनं त्याचा शर्ट कंबरेपाशी दोन्ही मुठींत घट्ट धरला.

आधी त्यानं ग्रुपवर लिहिलं: 'तांबड्या टेकडीचा रूट मी चालवलेला नाही. खोटं लिहिलं होतं. पुढं कडा आहे. कुणीही येऊ नका.' मग दिवसपाळीच्या सुपरवायझरला फोन लावला.

"ज्ञानेश, रात्रीचा लॉट गाडीत चढवू नकोस. चढवला असेल तर उतरव. नाही, स्टिकर माझाच आहे. मी बघितला नव्हता. हो, हो, काय व्हायचं ते होऊ दे, तू आधी गाडी थांबव."

पलीकडून ज्ञानेश काय काय बोलत राहिला. खालून धुकं विरत चाललं होतं आणि खाणीचा तळ आता स्वच्छ दिसत होता. नागसेन ऐकत राहिला, आणि स्वरूपानं शर्ट सोडला नाही.