तुर्गुनालींचा निकाल

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. नारीनच्या डोंगराळ मुलखातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, एका संगणकात माझं वास्तव्य. मला हात नाहीत, तोंड नाही. काम मात्र आहे. प्रयोगशाळेने रक्ततपासणीचा निकाल नोंदवला, की ती नोंद उचलायची आणि रुग्णाच्या गावच्या डॉक्टरच्या फोनवर पोहोचवायची.

मला घडवलं सायरा-एजेंनी. एजे म्हणजे ताई. सगळं इस्पितळ त्यांना तसंच म्हणतं. त्या मेंढपाळाच्या घरातल्या. हाक आली नाही तरी कळपाभोवती चक्कर मारून यायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मलाही त्यांनी तेच शिकवलं. थोड्या थोड्या वेळाने मी नोंदींच्या कप्प्याशी जाई आणि विचारी, "नवीन काही?" बहुतेकदा काहीच नसे. तरी मी पुन्हा जाई. माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, म्हणून मी आहे हेही कुणाच्या ध्यानात नसे.

मग एल्दियार नवा संगणकप्रमुख म्हणून आला.

"एजे, हे तुमचं पोरगं दिवसभर रिकाम्या दारावर थापा मारतंय! मशीन दमतं ना."

त्याने माझ्या फेऱ्या बंद केल्या आणि घंटा बसवली. नोंद झाली की घंटा वाजणार, मी उठणार, एरवी झोपायचं.

"घंटा चांगलीच आहे," सायरा-एजे म्हणाल्या, "पण दिवसाकाठी एखादी फेरी राहू दे. घंटा वाजली तेव्हा हा जागाच नसला तर?"

"तुम्ही अजून मेंढ्याच राखताय, एजे!"

सगळे हसले. कामही झटपट होऊ लागलं, ते मी नाकारत नाही. संचालकांनी एल्दियारची पाठ थोपटली.

हिवाळ्यात वीज जाऊ लागली. एका दुपारी ती परत आली तेव्हा नोंदींचं मशीन आधी सुरू झालं, मी मागून. तेवढ्यात प्रयोगशाळेने तुर्गुनाली नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा निकाल नोंदवला. घंटा वाजली. ऐकायला कुणी नव्हतं, आणि ती पुन्हा वाजत नसते. मी जागा झालो, पुढच्या घंटा ऐकल्या, पुढची कामं केली. तुर्गुनालींची नोंद 'प्रतीक्षेत' अशी खूण अंगावर घेऊन माझ्या शेजारीच पडून राहिली.

बर्फ वितळल्यावर त्यांची मुलगी जिपारगुल इस्पितळात आली, बोरसोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, पिशवी घेऊन. तुर्गुनाली गेले होते. तिला डॉक्टरांचे आभार मानायचे होते. निकालाचा कागद हवा म्हणून वरच्यांनी तिला आमच्याकडे धाडलं.

"गावच्या डॉक्टरांनी निकालाचा विषयच काढला नाही, तेव्हाच मी ओळखलं, आता इलाज नाही," ती म्हणाली. "भाऊ म्हणत होता, चल, जाऊन विचारू. मीच अडवलं त्याला. म्हटलं, ते गप्प आहेत ते आपल्यासाठीच. असली बातमी कुणी तोंडावर फेकतं का? मग रोज बाबांच्या आवडीचं रांधलं. बाबा म्हणायचे, 'रोज कोकरू? जिपार, मी चाललोय की माझं लग्न ठरवलंयस?'"

ती हसली. "शेवटपर्यंत त्यांना काही कळू दिलं नाहीत. उपकार झाले."

सायरा-एजेंनी कप्पा उघडून पाहिला. मग त्यांनी माझ्या फेऱ्या सुरू केल्या. मी गेलो, विचारलं, नोंद उचलली. मेंढ्यांपासून होणारा ताप. गोळ्यांनी बरा होणारा. उपचार ताबडतोब सुरू करावेत. मी संदेश अगदी चोख पोहोचवला.

"काय लिहिलंय, एजे?"

सायरा-एजेंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. जिपारगुलने वाचलं, पुन्हा वाचलं.

"मी अडवलं त्याला," ती म्हणाली. "मी."

आता घंटाही आहे आणि फेऱ्याही. वार्षिक अहवालात याला 'सुधारणा' म्हटलं आहे, एल्दियारच्या नावावर.

मित्रांनो, कुणी गप्प असलं की सगळं ठीक आहे किंवा सगळं संपलं आहे, असं घरबसल्या ठरवू नका. उठा आणि जाऊन विचारा. उगाच गेलात तर चपला तेवढ्या झिजतील. माझ्या फेऱ्या पुन्हा सुरू करता आल्या. जिपारगुलने आता कुणाकडे जाऊन विचारायचं?