सारजाच्या तोंडून

दौंडकडच्या राहू गावाजवळच्या त्या वाडीत गुरं पटापट मरत होती. तोंडाला फेस यायचा, पाय ताठायचे, की खेळ खलास. गावानं खापर बौद्धवाड्यावर फोडलं. पूर्वी रोगराई आली की मरीआईचा गाडा महारांनीच शिवेपलीकडं ओढून न्यायचा. छप्पन साली त्यांनी देव सोडले, तसा गाडाही सोडला. इतकी वर्षं मरीआईची काही तक्रार नव्हती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात साहेबराव पाटलाला मात्र तिचा राग अचानक कळला.

भर दुपारी गावातली माणसं बौद्धवाड्यात आली. हातात काठ्या, कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे. एरवी रेशनच्या रांगेत रॉकेल संपलेलं असतं, पण असल्या कामाला ते बरोबर मिळतं. कुत्री भिंतीला अंग चोरून पडली होती.

सारजाबाईचा नवरा भिमाजी दौंडला रेल्वेत गँगमन होता. सुट्टीला आलेला तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"गाडा वडा, न्हाईतर वाडा पेटवतो," साहेबराव म्हणाला.

"गाडा वडायचा न्हाई आमाला. दौंडातनं गुरांचा डाक्टर आणतो. म्हणाल तर आत्ता निघतो."

भिमाजीचा आवाज शांत होता. हा शांतपणाच त्याचा जीव घेणार, हे सारजाला दिसलं.

तिची सासू विठाबाई हयात असताना तिच्या अंगात मरीआई यायची आणि सारं गाव तिच्यापुढं वाकायचं. सारजानं नवी नवरी असताना ते पाहिलं होतं. दीक्षा घेतल्यापासून तिनं देवाचं नावही काढलं नव्हतं. पण आज माणसं वाचवायची होती. तेवढ्यापुरतं सोंग करायचं आणि यांना परत धाडायचं, असं ठरवून तिनं अंबाडा सोडला आणि अंगणात बसून घुमायला लागली.

"मागं सरा," ती म्हणाली. एवढं तिचं तिनं म्हटलं.

पुढचं तिनं ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आतून जाडाभरडा आवाज आला. "साहेब्या, पयली जोडी तुज्या दाव्याला मेली. बाजारातनं रोग तूच आणलास. आन् मढी रातीत पाणवठ्याच्या वरल्या अंगाला पुरलीस."

हे सारजाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांबरोबर तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं.

साहेबरावाचा चेहरा पांढराफटक झाला. मग कुणाला काही विचारायला लागलं नाही. हातातलं खाली पडलं आणि माणसं जमिनीवर पालथी पडली. ज्यांनी जन्मभर तिला वरून पाणी वाढलं, त्यांनी तिच्या पायांवर कपाळं घासली. त्यांचा घाम तिच्या पायांना लागला. वाचलो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात जमावातला म्हाळू उठला. परवाच त्याचा बैल मेला होता. "आईनं नाव सांगितलं," तो म्हणाला आणि त्यानं कुऱ्हाड उचलली. साहेबराव पळत सुटला. डबे, काठ्या परत हातात आल्या आणि जमाव त्याच्या घराकडं वळला. त्या घरात त्याची सून नुकतीच बाळंत झाली होती.

सारजा धावत जाऊन आडवी उभी राहिली. "थांबा. आई न्हाई, काय न्हाई. मी बोलले. मी सारजा हाय."

कुणी थांबलं नाही. भिमाजी मागून आला. दीक्षेपासून देवापुढं हात न जोडलेला तो माणूस धापा टाकत म्हणाला, "सारजा, तिला परत आण."

तिनं डोळे मिटले. मान घुमवली. घशातून नुसती हवा आली. आत कुणीच नव्हतं.

म्हाळू जवळ येऊन थबकला. त्यानं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"गेली आई तुज्यातनं," तो म्हणाला. "सर वाटंतनं."

आणि अंगाला हात लागू नये म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यानं तिला बाजूला केलं.