मावशीची पुढची सीट

कवळीकाकांनी जन्मभर लोकांचे दात बनवले आणि काम थांबवल्यावर शोभेच्या छोट्या गाड्या बनवायला घेतल्या. डॉक्टर लोक रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे आणि काका त्यावर कवळी बसवून द्यायचे. आता माणसांची तोंडं सुटली आणि जुन्या मोटारींची तोंडं हातात आली, एवढाच काय तो फरक. हत्यारं तीच. मेण कोरायच्या सुऱ्या, साच्याचं प्लॅस्टर, चकाकी आणायचा फिरता ब्रश. मागचे लाल दिवे तर ते हिरड्यांच्या गुलाबी ॲक्रिलिकमध्येच लाल रंग मिसळून ओतायचे. काकू म्हणायच्या, "आधी झाडू मारताना दात सापडायचे, आता चाकं सापडतात. सुधारणा आहे म्हणायची."

स्वयंपाकघरामागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं आणि भिंतीला काचेचं कपाट. त्यात वीत-वीत लांबीच्या गाड्या ओळीनं उभ्या. एकीला पाठीवर माशासारखे पर, एकीचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारे, एकीच्या टपावर सामानाची जाळी आणि जाळीत काडेपेटीएवढी ट्रंक. रस्त्यावरून कधीच नाहीशा झालेल्या या सगळ्या गाड्या त्यांनी लहानपणी पाहिलेल्या. काही शेजाऱ्यांच्या, काही नुसत्या लांबून बघितलेल्या. घरातली एक मात्र त्यांनी राखून ठेवली होती. हात नीट बसल्याशिवाय मावशीला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मावशी म्हणजे त्यांच्या वडिलांची गाडी. अंगानं भरलेली, चालीनं संथ आणि एकदा बसली की लवकर न हलणारी, म्हणून घरात तिला सगळे मावशी म्हणत. वडील औषधांच्या कंपनीचे फिरते विक्रेते. सुट्टीच्या दिवशी फेरीला जाताना ते दोन्ही मुलांना बरोबर घ्यायचे. मोठी मुलगी पुढे त्यांच्या शेजारी, आणि तिच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला मुलगा मागे, औषधांच्या खोक्यांच्या मधोमध. त्या खोक्यांचा कापरासारखा वास काकांच्या नाकात अजून होता. तो वास सोडला तर मावशीतलं बाकी सगळं बनवता येईल, अशी आता त्यांची खात्री झाली होती.

मावशी निम्मी होत आली आणि ताई राहायला आली. ताईच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. तिचा मुलगा कामासाठी बाहेरगावी जाणार, सून माहेरी, म्हणून काकांनीच तिला आणवून घेतलं. ताई हॉस्पिटलात मेट्रन होती आणि निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी आवाजातली मेट्रन काही निवृत्त झाली नव्हती. आल्याआल्या तिनं काकूंना थेंबांच्या वेळा पाठ करायला लावल्या आणि काकांना हात धुऊन यायला सांगितलं.

पहिले काही दिवस ती काळा चष्मा लावून नुसती पडून होती. मग कंटाळली आणि एका दुपारी भिंतीला हात लावत मागच्या खोलीत आली.

"काय खुडबुड चाललीय रे छोट्या?"

साठी ओलांडलेल्या छोट्यानं गाडी उचलून तिच्यापुढे धरली.

"मावशी!" ताई म्हणाली.

"ओळखलीस?"

"न ओळखायला काय झालं? नुसतं बूड बघून ओळखली असती." तिनं चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "पण रंग चुकलाय तुझा. नाही, थांब, बरोबर आहे. ऑपरेशनच्या डोळ्यानं बघितली तर पांढरीफटक दिसते आणि दुसऱ्यानं सायीची. आता मावशी कुठल्या रंगाची होती ते डॉक्टरांनाच विचारायला हवं."

दोघंही हसली. काकांनी उत्साहानं तिला मागची सीट दाखवली. डाव्या कोपऱ्यात उसवलेली शिवण. पुढच्या सीटच्या पाठीवरची रक्षापात्राची झाकणी, नखानं उघडणारी. खिडकीची काच फिरवायचा दांडा, त्याची मूठ तुटलेली. दरवाज्यावरचा धरायचा पट्टा. ताईनं एकेक गोष्ट डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि प्रत्येक वेळी "हो, हो, अगदी," असं म्हणाली. मग तिनं गाडी फिरवून पुढच्या काचेतून आत डोकावलं.

"आणि हे काय? इथे पाटी बसवलीस की काय?"

"डॅशबोर्ड आहे तो."

"डॅशबोर्ड? अरे, यावर इस्त्री करता येईल! मागे शिवणीचा दोरासुद्धा जिथल्या तिथे आणि पुढे सगळं मोकळं मैदान. असं कसं रे केलंस?"

काकांना ते लागलं. बोलू नये ते तोंडातून निघून गेलं.

"तू नको सांगूस, ताई. तुला त्या गाडीचं कधी काही वाटलं होतं का?"

"म्हणजे?"

"गाडी विकली त्या दिवशी शाळेतून आलो तर शेड रिकामी. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि तू कपड्यांच्या घड्या घालत बसली होतीस. वर म्हणालीस, 'लोखंड होतं ते, रडतोस काय.' मी विसरलो नाही."

चहाचे कप घेऊन आलेल्या काकू दारातच थबकल्या. नणंद आणि नवरा यांच्यात पडायचं नाही हे त्या लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात शिकल्या होत्या. त्यांनी कप टेबलाच्या कडेला ठेवले, पण गेल्या मात्र नाहीत.

ताईनं गाडी काकांच्या हातात परत दिली. मग बोटानं टेबलावर आडवी रेघ ओढल्यासारखं करत ती बोलायला लागली.

"वेग दाखवणारी तबकडी मधोमध नव्हती, स्टिअरिंगच्या मागे होती. डावीकडे चोकची खुंटी. थंडीत ती दोन बोटं बाहेर ओढायची आणि इंजिन लयीत आलं की हळूहळू आत सारायची, एकदम नाही. हँडब्रेक खाली नव्हता, डॅशबोर्डाखाली होता, छत्रीच्या मुठीसारखा. आणि समोरचे दिवे खालीवर करायचं बटण पायापाशी, डाव्या पायानं दाबायचं. त्याचं रबर निघालं होतं. अनवाणी असलं तर टोचायचं."

"शेजारी बसून एवढं लक्षात राहिलं तुझ्या?"

"शेजारी बसून नाही रे. मी चालवायचे मावशी."

काकांनी हातातल्या मावशीच्या पुढच्या सीटकडे बघितलं.

"शेवटचं वर्ष होतं ते," ताई म्हणाली. "बाबांचे हात थरथरायला लागले होते. कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी, आईलासुद्धा नाही. एकदा कप बशीवर ठेवताना वाजला, तेव्हा मी बघितलं आणि त्यांनी मला बघताना बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून शेडमध्ये नेलं. पाय पुरेना, तर क्लचवर लाकडाची चकती बांधून दिली. मैदानात शिकवलं, कुणी उठायच्या आत."

"पण गाडी तर बाबाच चालवायचे. मी होतो ना मागे!"

"जाताना बाबा चालवायचे. येताना तू झोपायचास, खोक्यांवर डोकं टाकून. तू झोपलास की ते गाडी कडेला घ्यायचे आणि आम्ही जागा बदलायचो. घराच्या अलीकडे पुन्हा बदलायचो. खड्डा आला की बाबा म्हणायचे, हळू, छोट्या उठेल."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. काकांच्या हातातली गाडी हातातच राहिली. ते परतीचे रस्ते त्यांना चांगले आठवत होते. म्हणजे रस्ते नाहीत, झोप आठवत होती. इंजिनाची घरघर, गालाला लागलेला पुठ्ठा, आणि आपण अगदी सुखरूप आहोत असं वाटणं. आयुष्यात पुन्हा तशी झोप लागली नाही, असं त्यांनी काकूंना कितीदा तरी सांगितलं होतं. बाबा गाडी फार छान चालवायचे, असंही.

"आणि विकली त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"मीच नेली. लाकडाच्या वखारीच्या मालकानं घेतली होती. बाबा शेजारी बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. वखारीच्या फाटकाबाहेर म्हणाले, थांब. उतरले, फिरून माझ्या बाजूला आले. तेवढी फाटकाच्या आतली चार पावलं त्यांनी स्वतः चालवली आणि किल्ली मालकाच्या हातात दिली. बसनं परत आलो. बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाले, 'लोखंड होतं ते.' मग थोड्या वेळानं म्हणाले, 'छोट्याला सांगू नकोस. त्याला वाटू दे, मी नेली.' घरी आले तर तू गडाबडा लोळतोयस. घड्या घालायला बसले, दुसरं काही सुचेना. बाबांनी मला जे दिलं होतं तेच तुला दिलं."

"मग आज का सांगितलंस?"

"अरे, आता तू बाबांच्याहून म्हातारा झालास. तुझ्यापासून काय लपवायचं?"

काका उठले, खिडकीशी गेले, उगाच ब्रशच्या मोटारीचं बटण चालू केलं आणि बंद केलं. मग पाठमोरेच म्हणाले, "चोकची खुंटी काळी होती की पांढरी?"

"चहा घ्या आधी," काकू म्हणाल्या. "दोघांचेही गार झालेत."

खुंटीचा रंग ताईला काही केल्या आठवेना. तेव्हा काकांनी आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. हा एक म्हातारा फिटर. वरचे दात काकांनी केलेले, खालचे स्वतःचे. त्याच्या गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावशीच्याच घडणीची एक गाडी आहे, हे काकांना ठाऊक होतं. मापं घ्यायला ते आधी एकदा जाऊनही आले होते, पण तेव्हाही गेले ते थेट मागच्या दरवाज्यानं आत.

काही दिवसांनी डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली, तशी तिघंही गेली. फिटरनं गाडीवरची ताडपत्री ओढली. गाडी निळी होती, पण अंगलट तीच. तीच भरदार गोलाई, तेच वटारलेले दिवे. ताई पुढच्या दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बसा की बाई," फिटर म्हणाला. "चालू आहे. आठवड्यातून एकदा फिरवतो, नाहीतर रुसते."

ताई बसली. तिचे हात आपोआप वर गेले, स्टिअरिंगवर ठरले. एका हातानं तिनं दिवे लावले, डावा पाय खाली काहीतरी चाचपडत गेला आणि समोरच्या भिंतीवर उजेड वर-खाली झाला.

"सापडलं!" ती ओरडली.

"वन्सं, डोळा!" काकू म्हणाल्या.

"डोळा काय पायात आहे का?" ताई म्हणाली आणि फिटरकडे वळली. "आवारात एक फेरी मारू?"

फिटरनं आवार बघितलं. एका बाजूला टायरांचा ढीग, दुसऱ्या बाजूला भिंत. "माझं काय जातंय? भिंत जुनीच आहे," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. काकांनी सवयीनं मागचं दार उघडलं. काकू म्हणाल्या, मी बाहेरच बरी, कुणीतरी शुद्धीवर हवं.

पहिल्यांदा इंजिन खोकलं आणि बंद पडलं. फिटर हात पुढे करणार, तेवढ्यात ताईनं खुंटी दोन बोटं बाहेर ओढली. इंजिन लागलं. गाडीनं एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग जडपणे, डुलत, बैलासारखी निघाली. टायरांच्या ढिगाला वळसा, भिंतीच्या कडेनं फाटकापर्यंत, आणि मागे न बघता फक्त आरशात बघून शेडपर्यंत उलटी. फिटर दातांच्या दोन्ही पंक्ती दाखवत हसत होता.

काका मागे बसून ताईचा पाठमोरा अंबाडा बघत होते. अंबाडा पांढरा झाला होता, पण मान तशीच ताठ. डोळे मिटून पाहावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते मिटले नाहीत. आजवर एवढ्या वेळा झोपून घेतलं होतं, आज बघायचं होतं.

"खुंटी पांढरी आहे," उतरताना ताई म्हणाली. "पण आपली काळी होती. आत्ता हातात धरल्यावर आठवलं."

पुढचे दिवस मागच्या खोलीत मेट्रनचं राज्य होतं. ताई सांगायची, काका कोरायचे. चुकलं की ती म्हणायची, "पुन्हा." तबकडीवरचा काटा त्यांनी केसाएवढ्या तारेचा केला. हँडब्रेकची मूठ तीनदा मोडली. क्लचवर लाकडाची चकती बसवायची की नाही यावर दोघांचं चांगलंच वाजलं, कारण चकती बसवली तर ती बाबांची गाडी राहत नाही असं काकांना वाटलं आणि चकती नाही बसवली तर मी ती गाडी ओळखतच नाही, असं ताई म्हणाली. शेवटी चकती बसली. भिंग लावल्याशिवाय दिसत नाही, पण आहे.

ताईचा मुलगा तिला न्यायला आला तेव्हा मावशी तयार होती. काकांनी ती कापसात गुंडाळून खोक्यात घातली आणि ताईच्या हातात दिली.

"अरे, तुझ्या कपाटाचं काय?"

"मला पुन्हा करता येईल. आता पुढचंही माहीत आहे."

ताईनं छोट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खोकं मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. भाच्यानं गाडी सुरू केली. काच उघडी होती, त्यामुळे गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा आवाज काका-काकूंना फाटकात उभ्यानं ऐकू येत होता.

"क्लच एकदम सोडू नकोस. हळू. आरशात बघ आधी."

"आई, या गाडीला क्लच नसतो."

"मग तू करतोस काय एवढा वेळ?"