वरच्या फळीवरची मिठाची बरणी

मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. अंगानं पांढरी, गळ्याशी तपकिरी. राणीमावशींनी मला अफझलगंजच्या बाजारातून आणलं, पोटात मीठ भरलं आणि आबिड्सच्या सरकारी कचेरीतल्या आपल्या कँटीनमध्ये टेबलावर मधोमध बसवलं. मला पुसताना त्या गुणगुणायच्या,

पांढऱ्या पोटाची गं, बाई माझी बरणी
चिमूटभर देते, चव येते वरणी

पण मित्रांनो, चिमूट कुणाला पुरते? कारकून भगवंतराव तर घास चाखण्याआधीच माझ्यात चमचा घालत. वीस वर्षं मला तो मान वाटला.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब फार आहे. तो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही." नात स्नेहा त्यांच्याकडे मराठी शिकत होती. तिचा 'ळ' चुकला की बरोबर आला, तेच त्यांना दिसेना. वही मिटून ते नुसते बसून राहत.

त्याच सुमारास सरकारचं पत्रक आलं: लोकांचे आजार टाळण्यासाठी कँटीनमधली साखर, मीठ, तेल कमी करा. हेडक्लार्क हमीदभाईंनी साखरेपासून सुरुवात करायचं ठरवलं. "मौसी, आजसे मीठा कम," एवढं सांगून ते महिनाभराच्या रजेवर गेले.

मावशींच्या मराठी कानांनी ऐकलं, मीठ! मी थेट वरच्या फळीवर गेले. फार रडू आलं हो.

"राणीबाई, हे वरण आहे की मुसी नदीचं पाणी?" भगवंतराव पहिल्या दिवशी ओरडले.

"सरकारचा हुकूम आहे. लिंबू पिळा अन् गप जेवा!"

दुसऱ्या आठवड्यात ते नुसतं कुरकुरले. तिसऱ्यात ताट चाटूनपुसून उठले.

हमीदभाई परतले, चहाचा घोट घेतला आणि दचकले. "मौसी, ये चाय है के शरबत? मीठा कम बोला था ना!"

"केलं की! बघा, बरणी वर चढवली."

"अजी, वो तो नमक! मीठा बोले तो शक्कर!"

कँटीनभर हशा पिकला. तेवढ्यात भगवंतराव दवाखान्यातून धापा टाकत आले. "दाब उतरला! ऑपरेशनची तारीख मिळाली!"

मग साखरही कमी झाली. मला मात्र कुणी टेबलावर परत आणलं नाही. आता मावशी स्वयंपाकापुरती चिमूट घेतात आणि मला परत वर ठेवतात. ऑपरेशन झालं, आणि परवा भगवंतराव स्नेहाची वही घेऊन आले आणि सगळ्यांना दाखवत सुटले, "बघा, 'ळ' कसा गोल काढलाय पोरीनं!"

मित्रांनो, आधी घास चाखा, मग माझी आठवण काढा. आणि माझ्या झाकणावर धूळ दिसली तर हळहळू नका. खाली कुणीतरी 'ळ' वाचत बसलंय, एवढंच समजा.